शिवा मेस्त्री आणि रंगूनचे पाहुणे

शिवा मेस्त्रीला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला जाऊन आला की तो बायकोला, लक्ष्मीला, खुशाल सांगायचा, "भजनाला गेलो होतो." लक्ष्मीलाही ते कळायचं, कारण घोषणा देऊन बसलेला घसा आणि भजन करून बसलेला घसा यांतला फरक तिला ठाऊक होता. पण यंत्राबद्दल खोटं बोलायची वेळ आली की शिवाची जीभ अडायची. ते त्याला जमतच नसे.

मालवणच्या बाजूचा हा माणूस पंधराव्या वर्षी मुंबईला आला आणि परळच्या एका गिरणीत चिकटला. चाळिशीला टेकेपर्यंत तो साळखात्याचा मेस्त्री झाला होता. साळखाता म्हणजे कापड विणायचं खातं. शेकडो साचे, म्हणजे माग, एकाच वेळी धडधडतात आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओठांवरून ओळखावं लागतं. त्या गदारोळातही कुठला साचा कण्हतोय हे शिवाला लांबून कळे. मग तो हातातला स्क्रू-ड्रायव्हर साच्याला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा आणि डॉक्टरासारखा निदान सांगून मोकळा व्हायचा.

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत गिरणीत गडबड उडाली. ब्रह्मदेशचे सरकारी पाहुणे येणार होते. त्यांना रंगूनजवळ कापडगिरणी उभी करायची होती आणि ती उभारून द्यायला बरेच देश टपून बसले होते. जपान लढाईची भरपाई म्हणून यंत्रं देत होता. चीन बिनव्याजी कर्ज द्यायला तयार होता. आपल्या दिल्लीलाही शेजारच्या देशात आपलं वजन असावं असं वाटत होतं. त्यासाठी घोडपदेवच्या एका कारखान्यानं बनवलेले बारा नवे साचे शिवाच्या खात्यात बसवले होते. पाहुण्यांनी ते चालताना बघायचे आणि खूश होऊन ऑर्डर द्यायची, असा बेत होता.

त्या कारखान्याचा विक्रीचा माणूस कमलाकांत धैर्यवान. ठाकूरद्वारच्या जुन्या प्रभू कुटुंबातला, पांढऱ्या सुटातला, बोलण्यात साखर. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यानं शिवाला बाजूला घेतलं.

"मेस्त्री, उद्या फक्त हसायचं. बोलायचं काम माझं."

"साहेब, त्या पिकिंग स्टिकचं काय?"

पिकिंग स्टिक म्हणजे सूत वाहून नेणाऱ्या धोट्याला टोला मारून या टोकाहून त्या टोकाला पाठवणारी लाकडी काठी. नव्या साच्यांची ही काठी दर आठवड्याला तुटत होती. बाकी साचे उत्तम होते.

"आज सगळ्या नव्या बसवा. उद्यापुरत्या टिकतील ना?"

"उद्यापुरत्या टिकतील," शिवा म्हणाला, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी तीन पाहुणे आले. त्यांतले वडीलधारे होते ऊ बा थीन. रेशमी लुंगी, आखूड कोट, डोक्याला गुलाबी रुमाल. धैर्यवान इंग्रजीतून साच्यांचं कौतुक करत पुढे चालला होता, पण बा थीन मागे रेंगाळले. खांबाआड एक पिंप होतं. त्यात डोकावून त्यांनी एक मोडकी काठी बाहेर काढली, मग दुसरी. सगळी आवराआवर झाली होती, पण तेवढं पिंप रिकामं करायला सगळे विसरले होते.

बा थीन शिवाजवळ आले आणि त्याच्या कानाशी ओरडून हिंदुस्थानीत म्हणाले, "ये कितने दिन चलती है?"

शिवा चकित झाला. ब्रह्मी माणूस बाजारची हिंदी बोलतो हे त्याला कुठं ठाऊक? लढाईआधी निम्मं रंगून हिंदुस्थानी माणसांनी भरलेलं होतं, हे त्याला नंतर कळलं. त्यानं धैर्यवानकडे बघितलं. धैर्यवान डोळ्यांनी हात जोडत होता.

"सहा दिवस," शिवा म्हणाला. "फार तर सात."

पुढचं बोलणं बाहेर, अंगणातल्या नळापाशी झालं, कारण आत ऐकू येत नव्हतं. धैर्यवान आणि खात्याचा वरिष्ठ, विव्हिंग मास्तर, तोंडं पाडून उभे.

"मग हे साचे घेऊ नको म्हणतोस?" बा थीननी विचारलं.

"घ्या की. साचा चांगलाय. लाकूड चुकलंय." शिवाला आता थांबता येईना. "साहेब, मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा लढाई पेटली. आमचे साचे सगळे विलायती. काठ्या विलायतेहून यायच्या, आणि बोटी यायच्या बंद झाल्या. दोनशे साचे उभे राहिले. आम्ही बाभूळ लावून बघितली, साग लावून बघितला. साग दिसायला राजा, पण टोला सोसत नाही. शेवटी गावाकडून धामणीचं लाकूड आणलं. वाकतं पण मोडत नाही. त्याच्यावर गिरणी चालली. तुम्ही चीनचा घ्या, जपानचा घ्या, आमचा घ्या. पण काठी मोडली तर ती बनवणार कोण, हे आधी विचारा. ती बोटीनं यायची असेल, तर गिरणी तुमच्या गावात असली तरी तिची दोरी दुसऱ्याच्या हातात."

बा थीननी हातातली मोडकी काठी कोटाच्या खिशात खोचली. मग त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिच्यावर डांबरानं लिहिलं होतं, 'मुंबई आमची'.

"हे काय आहे? सगळ्या शहरात दिसतं."

"आमचं भांडण आहे. मुंबई महाराष्ट्रात यावी असं आमचं म्हणणं. काही धनवान म्हणतात, पैसा आम्ही ओतला, म्हणून शहराचं काय ते आम्ही ठरवणार. आम्ही म्हणतो, हात आमचे लागलेत."

बा थीन मोठ्यानं हसले. "आमच्याकडे हेच भांडण झालं. पैसा ओतणारे कोण होते ठाऊक आहे? तुमच्या देशातले चेट्टी सावकार. आमची निम्मी भातशेती त्यांच्या नावावर गेली होती."

आपलाही कुणी माणूस कुणाच्या तरी गावात जाऊन 'पैसा आमचा' म्हणत असेल, हे शिवाच्या कधी मनातच आलं नव्हतं.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि विव्हिंग मास्तरनं शिवाला घरी बसायला सांगितलं. किती दिवस ते सांगितलं नाही.

लालबागच्या चाळीत लक्ष्मीनं सगळं ऐकून घेतलं. "माझ्याशी इतकं खरं कधी बोललात?" एवढंच ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. पण त्या दिवशी तिनं त्याला दोन बोंबील जास्त वाढले, त्यावरून शिवानं काय ते ओळखलं.

रविवारी सकाळी धैर्यवान चाळीचे तीन जिने चढून आला. धापा टाकत होता आणि रागानं लाल झाला होता.

"मेस्त्री, माझी नोकरी घालवलीत तुम्ही! ते लोक आता पेकिंगला निघाले. दिल्लीहून फोनवर फोन. काय उत्तर देऊ मी?"

"बसा आधी," शिवा म्हणाला.

धैर्यवान बसणार नव्हता. पण आतून बोंबील तळल्याचा वास आला आणि मासळीचं नाव निघालं की प्रभू माणसाचा राग टिकत नाही. तो बसला. पहिला बोंबील रागानं खाल्ला, दुसरा विचारात, आणि तिसरा खाताना त्यानं विचारलं, "ते धामणीचं लाकूड मिळतं कुठं?"

"तेच तर सांगायला बसवलं तुम्हाला."

सोमवारी दोघं घोडपदेवच्या कारखान्यात गेले. शिवानं गावाहून लाकूड मागवलं, ते सावलीत वाळवलं, स्वतः उभं राहून सुतारांकडून काठ्या घडवून घेतल्या. महिना गेला. नव्या काठ्या साच्यांना लावल्या. सहा दिवस झाले, सात झाले, तीन आठवडे झाले. एकही मोडली नाही. विव्हिंग मास्तरनं शिवाला परत बोलावलं, आणि काही झालंच नव्हतं अशा थाटात नवी कामं सांगायला सुरुवात केली. धैर्यवाननं बा थीनना लांबलचक पत्र लिहिलं. विकणाऱ्यानं आपल्या मालातली चूक स्वतः कबूल केलेलं त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं पत्र असावं.

उत्तर आलं एप्रिलात. बहुतेक साचे ब्रह्मदेश चीनकडून घेणार होता. कर्ज स्वस्त होतं, त्यापुढे इलाज नव्हता. मात्र साठ साचे घोडपदेवचे. आणि त्याखेरीज एक गोष्ट, जी कुठल्याच देशानं देऊ केली नव्हती: मोडलेले भाग तिथल्या तिथं बनवणारं वर्कशॉप. ते उभारायला तो मेस्त्री पाठवा.

चाळीत पेढे वाटले गेले. लक्ष्मीनं सुटाचं कापड आणलं. शिवा आरशासमोर उभा राहून टाय बांधायला शिकू लागला; पहिल्या दिवशी तो सोडवायला शेजारच्या दौलतला बोलवावं लागलं. आणि मग पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई तोडण्याविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा, शिवानं अकरा दिवस आर्थर रोडच्या तुरुंगात काढले होते. ते कागदावर होतं.

पासपोर्ट नाकारला गेला.

धैर्यवान सचिवालयात जाऊन एका अधिकाऱ्याला भेटला. तोवर चळवळीशी त्याचा संबंध म्हणजे मोर्चा आला की खिडकी लावून घेणं, एवढाच. अधिकारी म्हणाला, "सरकारविरुद्ध ओरडणारा माणूस सरकारच्या वतीनं परदेशात कसा पाठवायचा?"

"साहेब," धैर्यवान म्हणाला, "तो सरकारविरुद्ध ओरडला, माझ्या मालाविरुद्धही ओरडला. म्हणूनच त्यांना तो हवाय."

अधिकारी हसला, पण सही केली नाही. परत आल्यावर हे सगळं शिवाला सांगताना धैर्यवानचा आवाज चढला, आणि त्या संध्याकाळी तो लालबागहून घरी गेला तो कोटाला समितीचा बिल्ला लावून. ठाकूरद्वारला त्याच्या वडिलांनी दार उघडलं आणि आधी बिल्ल्याकडे बघितलं, मग मुलाकडे, असं त्यानंच नंतर हसत हसत सांगितलं.

शिवानं सुटाचं कापड ट्रंकेत ठेवलं. चार दिवसांनी रंगूनहून तार आली: मेस्त्री येत नसेल तर आमची माणसं तिकडे येतील.

नोव्हेंबरात सहा जण बोटीनं आले आणि आठ महिने राहिले. दोघांना हिंदुस्थानी यायची, त्यांतला एक सगळ्यांचा दुभाष्या झाला; बाकीचे चौघे शिवाच्या हाताकडे बघून शिकले. त्यांच्याकडून तो एकच गोष्ट घोकून घ्यायचा. नवा भाग मागवायचा नाही. मोडलेला हातात घ्यायचा, कुठं मोडला ते बघायचं, आणि आपल्या रानात काय उगवतं ते आठवायचं. परळच्या एका खानावळीत त्यांची सोय केली होती, पण तिथलं जेवण त्यांना फिकं लागे. एका रविवारी शिवानं त्यांना घरी आणलं. लक्ष्मीनं भात आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. पहिल्या घासाला सगळ्यांत धाकट्या को म्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लक्ष्मी घाबरली, तिखट झालं वाटून. दुभाष्यानं सांगितलं, "नाही वहिनी, त्याची आई अशीच करते."

शिवाची आई जाईबाई कोपऱ्यात बसून हे बघत होती. तिचं माहेर रत्नागिरीचं. "ही माणसां खंयची?" तिनं विचारलं. ब्रह्मदेशची म्हटल्यावर ती ताठ बसली.

"मगे थिबा राजाची माणसां ही! माझो बापूस राजाच्या बंगल्यार मोळी टाकूक जायचो. मी बगलंय राजाक. व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचो. एकदा माका बोलावन खाऊ दिल्यान."

दुभाष्याला आधी नीट समजलं नाही. शिवानं हिंदीत सांगितलं: इंग्रजांनी तुमच्या शेवटच्या राजाला रत्नागिरीला आणून ठेवलं होतं ना, माझ्या आईनं त्याला पाहिलंय. दुभाष्यानं ते ब्रह्मीत सांगितलं आणि सगळे जेवायचे थांबले. मग को म्या हात धुऊन आला, जाईबाईसमोर गुडघे टेकून बसला आणि त्यानं कपाळ जमिनीला लावलं. पाठोपाठ बाकीचे पाचही.

"अरे बाबांनो, ह्यां काय?" म्हणत जाईबाई पदरानं डोळे पुसू लागली. "राजाक घराची सय यायची रे. बापूस सांगायचो." त्यानंतर दर रविवारी ते सहा जण यायचे आणि जाईबाईला तोच प्रसंग पुन्हा सांगायला लावायचे. प्रत्येक वेळी राजानं दिलेला खाऊ थोडा वाढत गेला.

जुलैत ते परत गेले. बा थीनचं पत्र आलं, वर्कशॉप चालू झाल्याचं. चिनी साचे बसवायला आलेले फिटरही तिथूनच भाग करून नेतात, असं त्यात लिहिलं होतं. दिल्लीतल्या कुणीतरी ते वाचलं असावं, कारण पुढच्या वर्षी गिरणीत एक छोटी शाळाच सुरू झाली. शिवा तिचा मुख्य शिक्षक. सिलोनचे तिघे आले, सुदानचे दोघे. सुदानचा उस्मान साडेसहा फूट उंच होता आणि त्याला इथली कुठलीच भाषा येत नव्हती. शिवानं त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि कानाला कसा लावायचा ते दाखवलं.

साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. आदल्या दिवशीच्या दुपारी चाळीत पताका लावायचं काम चाललं होतं आणि शिडी एकच होती. धैर्यवान बाह्या सरसावून, तोंडात सुतळी धरून उभा होता. उस्माननं त्याच्या हातातली माळ घेतली, हात वर केला आणि पहिल्या मजल्याच्या कठड्याच्या तळाला सहज बांधून टाकली. चाळ टाळ्या वाजवू लागली. उस्मान खाली बघून, इथं शिकलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत शिवाला म्हणाला, "आणखी दे."

शिवानं आणखी दिली.