मागच्या सीटवर, सोलापूरपर्यंत

ती गाडी लांबच्या प्रवासाला चालेल का, हे विचारायला आमच्या घरी माणसं येतात. दिग्रसमध्ये तसली उंच मोटारसायकल घेणारा माझा नवरा पहिला नसला तर दुसरा असेल, त्यामुळे दारव्ह्याहून, पुसदहूनसुद्धा कुणी कुणी येतं. ते अंगणात गाडीभोवती फिरतात, एखादा वर बसून पाय टेकतात का बघतो, आणि नवरा समोरचा चहा थंड होईपर्यंत सांगत राहतो. साडेचारशे सीसी म्हणजे ना कमी ना जास्त. एकदा टाकी भरली की दिवसभर बघायला नको. खड्ड्यातून गेली तरी हाताला कळत नाही. चहा मी नेऊन देते. मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. मी त्या गाडीवर मागे बसून सव्वाचारशे किलोमीटर गेलेली आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवऱ्याचं विहिरीवरच्या मोटारी आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. लग्न झालं तेव्हा आमच्याकडे साधी शंभर सीसीची गाडी होती आणि तिच्यावर आम्ही पुसदला माझ्या माहेरी जायचो. मी एका बाजूला पाय सोडून बसायची, हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवायची आणि दिग्रसपासून पुसदपर्यंत त्याच्या कानात बोलत राहायची. तो मधूनमधून "हो" म्हणायचा. रस्ता तेव्हा फार वाईट होता, पण मला तो कधी लांब वाटला नाही.

मुलगी शिकायला अमरावतीला गेली आणि घर रिकामं झालं. तेव्हा त्यानं मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. दुकान बंद करून आला की जेवताना, जेवण झाल्यावर, तेच. वर्षभर मी भाकरी थापता थापता ऐकत होते, त्यामुळे कोणत्या गाडीची सीट जमिनीपासून किती उंच आणि कोणत्या गाडीचं पोट दगडाला लागत नाही, हे मलाही पाठ झालं होतं. त्या व्हिडिओतली माणसं नेहमी एकटी असायची. त्यांच्या मागे सामान बांधलेलं असायचं. ही गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे वर्षभर होती आणि माझ्या लक्षात आली नाही.

गाडी घ्यायला यवतमाळला दोघं गेलो. शोरूममधल्या पोरानं नवऱ्याची उंची विचारली, त्याला दोनदा बसवून बघितलं, हँडल थोडं वर करून दिलं. मग मला म्हणाला, मॅडम, तुम्हीही बसून बघा. मागचा पायठेवा माझ्या गुडघ्याच्या वर होता. नवऱ्याच्या खांद्याला धरून, एक पाय त्यावर देऊन, दुसरा पाय पलीकडे टाकताना माझा गुडघा कटकन वाजला. वर बसले तर मी त्याच्यापेक्षा वीतभर उंच, सीट हाताच्या पंजाएवढी रुंद आणि पुढे उतरती. पाठीला काही नाही. पाठीमागं टेकायला काही लावता येईल का, असं मी विचारलं. लावता येईल, पोरगा म्हणाला. नवरा म्हणाला, "ते नंतर पाहू. त्यानं गाडीचा लूक जाते."

मग त्यानं मान वळवून मला विचारलं, "कसं वाटते?"

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. मुलगी पास झाली तेव्हा तसा दिसला होता. मी म्हटलं, चांगलं वाटते. हे मी म्हटलं होतं आणि त्याचा दोष कुणाकडे देता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरलं. मी समुद्र पाहिलेला नव्हता. त्याचा एक मित्र, खताचं दुकान असलेला, त्यानंही तीच गाडी घेतली होती, तोही येणार होता. मित्राच्या बायकोनं मी त्या गाडीवर बसणार नाही असं सरळ सांगून टाकलं होतं. नवऱ्याला त्याचं हसू आलं. "तुझ्यासारखी तयारी लागते," तो मला म्हणाला. मला बरं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी लातूर गाठायचं होतं. पहाटे निघालो. पुसदपर्यंत मी खरंच खूश होते. रस्ता नवा झाला आहे, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, आणि शाळा नाही, डबा नाही. मी पूर्वीसारखं त्याला काहीतरी सांगायला पुढे वाकले, पण दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटलं. तो ओरडून म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. मी मागे सरकून बसले.

उमरखेड सोडलं आणि गाडीनं वेग घेतला. पुढच्या काचेमुळे त्याच्या छातीला वारा लागत नव्हता, तो सगळा वर उसळून माझ्या डोक्यावर येत होता. मान इकडून तिकडे हलत होती, जशी कुणी धरून हलवावी. ब्रेक लागला की मी घसरून त्याच्या पाठीवर जायची आणि पुन्हा मागे सरकायची. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या असल्यामुळे पाय फाकलेले. नांदेडपर्यंत तळपाय बधिर झाले. हे सगळं मी सहन करू शकत होते. शेतकऱ्याच्या घरातली आहे, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून लग्नाला गेलेली आहे.

अडचण वेगळी होती. पुरुष रस्त्याच्या कडेला कुठेही थांबतात. ते दोघं दर तासाला थांबत होते, गाडीवरून उतरून पाठ ताणत होते, बाभळीच्या आड जाऊन येत होते. मी सडकेवर हेल्मेट धरून उभी. हदगावच्या पुढे एका पेट्रोलपंपावर मी विचारलं, तर तिथल्या संडासाला कुलूप होतं आणि किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला गेलेला. दुसऱ्या पंपावर दाराला कडी नव्हती. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, नांदेडला हॉटेलात थांबू. नांदेड बाहेरून काढलं, कारण मित्र म्हणाला की गावात शिरलं की तास जाईल. मी पाणी पिणं बंद केलं. पहाटे घेतलेल्या चहानंतर लातूरपर्यंत मी पाण्याचा घोट घेतला नाही, आणि ते दोघं निवांत धाब्यावर बसून गाडीच्या टायरबद्दल बोलत होते, तेव्हाही मी कोरडी भाजी-पोळी खाल्ली.

लातूरला लॉजवर पोचल्यावर लघवीला जळजळ सुरू झाली होती. सकाळी उठले तर अंग तापलेलं. मी त्याला सांगितलं. तो बुटाच्या नाड्या बांधत होता. म्हणाला, "ऊन लागलं असंल. एक गोळी घे. आज कोल्हापूर झालं का मंग आरामच आहे." मी गोळी घेतली आणि बसले.

तुळजापूरचा घाट उतरताना मला थंडी वाजायला लागली. सोलापूरच्या अलीकडे मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी थांबवायला लावली. खाली उतरता येईना. त्यानं धरून उतरवलं. आम्ही सोलापुरात एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी तपासलं, किती पाणी प्यायलात विचारलं, आणि माझ्याऐवजी नवऱ्याकडे बघून म्हणाल्या की यांना गाडीवर बसवू नका, विश्रांती हवी आहे, पाच दिवस औषध.

दवाखान्याच्या बाहेर चिंचेच्या झाडाखाली आम्ही तिघं उभे राहिलो. मित्र फोनवर काहीतरी बघत होता, म्हणजे बघितल्यासारखं करत होता. नवरा म्हणाला, "तू म्हनत असशील तर वापस जाऊ."

त्यानं ते असं म्हटलं की मी काहीही म्हणू शकले नसते. तो गाडीकडे बघत होता. पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस, वर्षभर या चार दिवसांची वाट पाहिलेला. मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि त्यातून मी म्हटलं, "तुमी जा. मी बसनं जातो घरी."

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. बावीस वर्षं झाली होती लग्नाला. पुढच्या अर्ध्या तासात त्यानं स्टँड शोधला, नांदेडची एस.टी. कुठे लागते ते विचारून घेतलं, खिडकीजवळची जागा धरली, पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, गोळ्या सगळं माझ्या हातात दिलं. काळजी घे म्हणाला. पोचल्यावर फोन कर म्हणाला. सगळं मनापासून. एस.टी. सुटायला वेळ होता. मी खिडकीतून बघत होते. पेटीत न मावणारी बॅग तो दोन दिवस पोटापुढे टाकीवर बांधत होता, ती त्यानं सोडली आणि गाडीवरच्या माझ्या सीटवर ठेवून पट्ट्यांनी आवळली. ती तिथे अगदी नीट बसली. त्यानं हलवून बघितली, हलली नाही.

हेल्मेट माझ्याजवळच राहिलं होतं. नांदेडपर्यंत ते मी मांडीवर घेऊन बसले होते.

नांदेडला माझी मावसबहीण राहते. पुढे जायची ताकद नव्हती म्हणून मी रात्री तिच्याकडे राहिले. दार उघडल्या उघडल्या तिनं हेल्मेट बघितलं आणि विचारलं, एकटी कशी, भाऊजी कुठे आहेत? मी रस्त्यात काहीच ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं की गाडी बंद पडली, ते सोलापूरला दुरुस्तीला थांबले, मला ताप होता म्हणून बसनं पाठवलं. ती हळहळली. तिच्या नवऱ्यानं गाडीचं काय गेलं ते विचारलं. मी म्हटलं, इंजिनमध्ये काहीतरी. त्या रात्री तिनं मला मऊ भात करून घातला आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

घरी आल्यावर तीन दिवस ताप होता. शाळेतल्या एक बाई येऊन बसत. त्यांनाही मी इंजिनचंच सांगितलं. नवऱ्याचे फोटो येत होते. समुद्र, समुद्रापुढे गाडी, गाडीपुढे तो. सहाव्या दिवशी तो आला, उन्हानं काळा पडलेला, अंगात नवं रक्त आल्यासारखा. काजू आणले होते, आमसुलं आणली होती. तब्येत विचारली. मग दोन तास तिकडचं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, तू पाह्यजे होती. त्याला खरंच तसं वाटत होतं. मला भांडायला धागा सापडला नाही. मी आमसुलं बरणीत भरली.

भांडण दीड महिन्यानं झालं, आणि ते त्यानं काढलं. राळेगावला नात्यातलं लग्न होतं. तिथे माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्यानं चार माणसांत याला विचारलं की इतकी महागाची गाडी आणि सोलापूरलाच इंजिन कसं गेलं? तिथे आणखी एक जण तीच गाडी घ्यायच्या विचारात होता, तो म्हणाला, बरं झालं सांगितलं. नवरा आणि मी एस.टी.नं घरी आलो. घरात शिरल्यावर पायातली चप्पलही न काढता त्यानं मला विचारलं, "गाडी बंद पडली म्हनून कायले सांगतलं तू? दहा हजार किलोमीटर झाले, एक दिवस बंद पडली नाई ते गाडी. लोकं काय म्हनतीन?"

इतकं दुखावलेलं मी त्याला त्याचे वडील गेले तेव्हाच पाहिलं होतं.

मी म्हटलं, "मंग काय सांगाव लागत होतं? तापात मले बसमधी बसवून तुमी समुद्र पाहाले गेले म्हनून?"

मला वाटलं आता त्याला कळेल. तो विचार करतोय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तो शांतपणे म्हणाला, "तूच तं म्हटलं, तुमी जा."

हे खरं होतं. मी स्वयंपाकघरात गेले. तो अंगणात गेला आणि थोड्या वेळानं गाडी पुसल्याचा आवाज यायला लागला. नंतर मला कळलं की त्यानं त्या चारही माणसांना फोन करून सांगितलं की बायको आजारी पडली होती, गाडीला काही झालं नव्हतं. गाडीवरचा डाग त्यानं पुसून काढला. फोनवर त्यानं मी एकटी कशी परत आले हे सांगितलं की नाही, ते मी विचारलं नाही.

आता तो वर्षातून दोनदा जातो, कधी मित्रासोबत, कधी एकटा. गुजरातपर्यंत जाऊन आला. कुणी गाडीबद्दल विचारलं की सांगतो, आणि तो खोटं सांगत नाही. मलाही विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, उत्तम गाडी आहे, एकट्या माणसानं घ्यावी. मी समुद्र अजून पाहिला नाही. शाळेतल्या बाया उन्हाळ्यात बसनं जाणार आहेत, माझं नाव दिलं आहे.

गेल्या महिन्यात उमरखेडला त्याची आत्या गेली. एस.टी.चा संप होता आणि दुसरं साधन मिळालं नाही, म्हणून त्या दिवशी मी पुन्हा त्या गाडीवर बसले. त्यानं आधी स्टूल आणून ठेवलं. पूर्ण रस्ता पन्नासच्या वर नेली नाही. प्रत्येक गतिरोधकाआधी तो इतका हळू व्हायचा की मागचे ट्रक हॉर्न वाजवायचे. ब्रेक लावताना एकदाही मी पुढे सरकले नाही. पुसदला त्यानं न विचारता एका चांगल्या हॉटेलसमोर गाडी लावली आणि आत जाऊन, बायकांची सोय कुठे आहे ते विचारून आला. मी आत जाऊन आले, पाणी प्यायले आणि मागे बसले. तो काहीतरी ऐकायची वाट बघत होता, हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं. मी काही म्हटलं नाही. तसेच आम्ही उमरखेडला पोचलो.