हॅमर कोरलभोवतीचं तण

"डॉक्टर, हे तुम्ही खरवडलंत?"

"थोडंसंच. स्केलरनं. पार मुळापासून काढलंय."

स्केलर म्हणजे दातांवरचं कीटण काढण्याचं हत्यार. सांगलीतल्या या दंतवैद्यांच्या वेटिंग रूममध्ये खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे आणि तिची देखभाल माझ्याकडे आहे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी मलकापूरला एका भाड्याच्या खोलीत हा व्यवसाय सुरू केला. कृष्णाकाठी समुद्र कुठून आणणार, असं सगळ्यांनी विचारलं. मीठ मोजून, पाणी तपासून आणता येतो.

त्या टाकीचं वैभव म्हणजे हॅमर कोरल. कोरल दिसतं दगडासारखं, पण तो जिवंत प्राण्यांचा समूह असतो. हॅमरच्या प्रत्येक शुंडाचं, म्हणजे मऊ सोंडेचं, टोक हातोडीसारखं असतं. डॉक्टरांनी तो एका लहान तुकड्यापासून वाढवला होता. मग पुण्याच्या एका दुकानातून त्यांनी मला न विचारता दोन नवी कोरलं आणली आणि थेट टाकीत ठेवली. त्यांपैकी एकाच्या बुडाशी एक तपकिरी, पारदर्शक फूल होतं. ते फूल नव्हे, ॲप्टेशिया नावाचा प्राणी. तो शेजारच्या कोरलला डंख करतो. खरवडला की पेशींचे बारीक तुकडे पाण्यात विखुरतात आणि ज्याला दगड सापडेल तो तुकडा नवा प्राणी होतो. डॉक्टरांनी त्याला दातांवरच्या कीटणासारखं वागवलं होतं. आता हॅमरच्या पायथ्याशी त्याचं रानच माजलं होतं.

डॉक्टरांचे वडील, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आबा, बाकावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"हराळी वरवर खुरपली की दुप्पट येती, हे ह्याला शाळंत असताना सांगितलं हुतं. पन ह्यो रानात आला कवा? आवं मॅडम, तणनाशक मारा की."

"आबा, त्यानं मासेही मरतील आणि कोरलंही."

"मग ऱ्हाईल काय?"

"पाणी."

"मग बोअरचं काय वाईट हुतं?"

मला हसू आलं, पण टिकलं नाही. तो शुक्रवार होता. रविवारी महाबळेश्वरचे एक हॉटेलमालक, जाधव, ही टाकी बघायला येणार होते. त्यांना लॉबीत याहून कितीतरी मोठी टाकी हवी होती आणि डॉक्टरांनी माझं नाव सुचवलं होतं. त्या कामाशिवाय माझा व्यवसाय एका खोलीपलीकडे जाण्याची चिन्हं नव्हती.

"हॅमर आजच बाहेर काढून बुडाचा भाग कापावा लागेल," मी म्हणाले.

"दोन दिवस थांबू," डॉक्टर म्हणाले. "पुढं एक खडक ठेवा, म्हणजे झाकलं जाईल. जाधव बघून गेले की काय कापायचं ते कापा."

खडक हाताशीच होता. मी तो उचलूनही पाहिला. मग टॉर्च लावून हॅमरची मागची बाजू तपासली. तिथलं मांस सांगाड्यापासून सुटू लागलं होतं. ही सड एकदा चढली की थांबवणं कठीण असतं. मी खडक खाली ठेवला.

"कोरल तुमचं आहे, निर्णय तुमचा. पण हा खडक मी ठेवणार नाही."

"अहो, काम तुम्हालाच मिळायचंय, मला नाही!"

हे खरं होतं, म्हणूनच लागलं. मी मागच्या बाजूवर टॉर्च धरून त्यांना वाकायला लावलं. त्यांनी सुटलेलं मांस पाहिलं. मग वळून रिसेप्शनिस्टला म्हणाले, "पुढचा पेशंट जरा बसू दे."

आम्ही टाकीचे पंप बंद केले. हॅमर एका वेगळ्या टबात हलवला. त्यात टाकीचंच पाणी, हीटर आणि छोटा पंप. ॲप्टेशिया बसलेला बुडाचा मृत भाग मी कटरने छाटला. नवी दोन्ही कोरलंही बाहेर काढली. टाकीतल्या दगडांवर जे ॲप्टेशिया उरले, त्यांना जाळायला शुद्ध चुन्याची घट्ट पेस्ट.

"पानाचा चुना?" आबांनी लगेच चंची पुढे केली.

"नको आबा, त्यात काय काय असेल सांगता येत नाही."

ॲप्टेशियाला धक्का लागला की तो भोकात शिरतो. म्हणून आधी खाद्याचा कण द्यायचा, त्यानं तोंड उघडलं की सिरिंजने पेस्ट सोडायची. माझा पहिलाच नेम हुकला. डॉक्टरांनी सिरिंज माझ्याकडून काढून घेतली.

"तोंड उघडायला लावणं हा माझा रोजचा धंदा आहे."

त्यांचा एकही नेम चुकला नाही.

रविवारी जाधव आले. टाकीच्या मध्यभागी मोकळी जागा, दगडांवर चुन्याचे पांढरे डाग, आणि टाकीचं वैभव कोपऱ्यातल्या टबात.

"डॉक्टर, ही दात पाडल्यावानी फट कसली?"

मी सगळं सांगितलं. जाधवांनी टबात वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझ्या टाकीत असलं काय येनार न्हाई, याची ग्यारंटी देता?"

डॉक्टरांनी मला डोळ्यांनी खुणावलं.

"नाही," मी म्हणाले. "नवं कोरल आधी वेगळ्या टाकीत ठेवून रोज तपासलं, तर धोका कमी होतो. शून्य होत नाही."

त्यांनी चहा संपवला आणि निघून गेले. त्यानंतर फोन आला नाही. हॅमर मात्र सावरला. कापलेल्या बाजूवर नवं मांस चढलं, शुंडं पुन्हा पसरू लागली. मी दर फेरीला टॉर्च घेऊन दगडांच्या मागे डोकवायचे आणि परतताना एसटीत मोबाईल पुन्हा पुन्हा बघायचे.

एक दिवस जाधवांचा फोन आला. "टाकी पुण्याची पार्टी बसवनार हाय. ते ग्यारंटी देत्यात."

"बरं," मी म्हणाले.

"ऐका तरी. कोरलं आधी तुमच्या खोलीवर ऱ्हातील. तुमी व्हय म्हनल्याबिगर एकबी टाकीत पडायचं न्हाई. जमंल?"

"पण ते गॅरंटी देतायत ना?"

"देत्यात की, एकबी कोरल न बघता. म्हनूनच तर तुमच्याकडं!"

मी होकार दिला. आता मलकापूरच्या खोलीत टबांच्या मधून चालायलाही जागा नाही. हॉटेलातल्या टाकीच्या काचेवर पुण्याच्या पार्टीचं नाव आहे, आणि ते मला अजूनही सलतं. पण या कामातून एक हिशेब कळला. निरोगी दिसणारं कोरल वेगळं ठेवून वाट पाहण्याचा धीर फार थोड्या मालकांकडे असतो. तो त्यांना शिकवण्यात मी बरीच शक्ती घालवली. त्यापेक्षा तो धीर आपणच धरून त्यांना विकणं सोपं आहे.