हंगामाच्या सणाचा रस्सा

मस्कतला कसला आलाय हंगाम! तरी तिथल्या अल् खुवैर भागातली आम्ही दहा-बारा मराठी ख्रिस्ती कुटुंबं दरवर्षी हंगामाचा सण करायचोच. सुपरमार्केटातला भोपळा, केळी, सफरचंदं टेबलावर रचायची आणि आत्ताच शेतातून आणल्यागत देवाचे उपकार मानायचे. दोन हजार सालाच्या आसपास एकदा तो सण माझ्या घरी होता. मी भलत्याच तोऱ्यात होते.

स्वयंपाक खालाकडे. खाला म्हणजे आमच्या घरी कामाला असलेली रत्नागिरीकडची मुसलमान बाई. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आम्ही प्रार्थनेला जमून गायचो तेव्हा ती आत रांधायची, सहा वर्षं हेच. त्या आठवड्यात तिने पहिल्यांदाच सुट्टी मागितली. तिचा नवरा मस्कतपासून तीन-चार तासांवरच्या सूर बंदरात गलबतं बांधणारा सुतार. गावी असलेल्या लेकीसाठी सूरमधलाच एक मुलगा बघितला होता आणि शुक्रवारच्या नमाजनंतर बोलणी होती.

"बाप्ये ठरवून मोकळे होतील, बाई. माझ्या पोरीची बारावी ऱ्हायलीय."

"सण आहे गं, एवढी माणसं जेवायला. पुढच्या शुक्रवारी जा," मी म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी जाऊन ती काय करणार होती, माझं डोकं? पण तेव्हा मला रश्श्याची काळजी.

सणाचं वाचन माझ्याकडे होतं. आवाज चांगला म्हणून मलाच द्यायचे, आणि मीही मिरवून घ्यायचे. त्या दिवशी बायबलमधल्या एका जुन्या हिब्रू संदेष्ट्याचं वचन होतं. हे संदेष्टे भारी तापट, म्हणून मला आवडायचे. मी खणखणीत सुरू केलं. देवाला तुमच्या सणांचा वीट आलाय, तुमची गाणी त्याला ऐकवत नाहीत, आधी दुबळ्याला न्याय द्या, असं काहीसं होतं. तेवढ्यात आतून फोडणीचा चर्र आवाज आला आणि माझी जीभच उचलेना.

"वाच ना," नवरा कुजबुजला.

"काय वाचू, कपाळ? हे मलाच बोललाय तो!" मी सगळ्यांदेखत म्हणाले आणि खालाला सुट्टी कशी नाकारली ते सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तशीच स्वयंपाकघरात गेले. "खाला, चल. सूरला."

"रस्सा करपंल, बाई!"

"करपू दे. यल्ला, निघ!"

दोन पुरुषांनी तिच्या हातातला डाव घेतला. मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर आजोबांनी टेबलावरची फळं टोपलीत भरली आणि तिच्या हाती दिली. "सोयरिकीला रिकाम्या हाताने जाऊ नये," म्हणाले. तिसऱ्या खेपेला मिळालेल्या माझ्या लायसनवर मी गाडी जी हाणली!

पोचलो तेव्हा नमाज होऊन कहवा चालला होता. पुढच्या महिन्यातली तारीख जवळजवळ पक्की! खाला मसाल्याच्या हातांनी टोपली घेऊन दारातच उभी राहिली.

"पोरीची बारावी होऊ दे. मग लगीन."

तिचा नवरा तिच्याकडे बघतच राहिला. मग मुलगाच लाजत म्हणाला, "मला चालेल." मी आनंदाने टाळ्या वाजवल्या, एकटीनेच. आतून डोकावणाऱ्या बायका हसू लागल्या.

परतताना खाला हळूच म्हणाली, "सण अर्धा टाकून आलात. तुमचा देव रागावला आसंल."

"सहा वर्षं रागावलेलाच असणार, खाला. मलाच ऐकू आलं नाही."

ती खुदकन हसली. "मग येत्या शुक्रवारी पण सुट्टी?"

"सगळे शुक्रवार तुझे गं," मी म्हटलं, आणि माझेच डोळे भरून आले.