आईला फक्त मागची ओळ येते

सेगुलाबाई गेल्या, हे आईनं फोनवर सरळ सांगितलंच नाही. ती म्हणाली, "तू कारंजाले ये. मले एकटीनं म्हणणं होऊन नाही राह्यलं." मी अकोल्याहून पोचले तेव्हा त्यांचा भाचा त्यांना गाडीतून घेऊन निघूनही गेला होता. इकडे त्यांच्या लोकांचं दफनस्थान नाही. आमच्या घराला लागून असलेल्या त्यांच्या दाराला कुलूप होतं आणि आई ओट्यावर बसून होती... मला वाटलं रडत असेल. ती रडत नव्हती, रागात होती. आता काही आठवडे झाले, तो राग माझ्यातही उतरला आहे.

सेगुलाबाई बेने इस्राएल होत्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी. अलिबागकडून शिक्षिका म्हणून आल्या आणि इथेच राहिल्या. आयुष्यभर गणित शिकवूनही त्या कोण आहेत हे गावाला शिकवता आलं नाही. नाताळला लोक शुभेच्छा द्यायचे, तर त्या म्हणायच्या, "अरे बाबा, मी त्याच्याही आधीची आहे." लोक हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा शुभेच्छा द्यायचे. परवा शाळेनं शोकसभा घेतली तेव्हा फ्लेक्सवर त्यांच्या फोटोशेजारी भला मोठा क्रूस छापला होता. मी मुख्याध्यापकांना तो दाखवला. ते म्हणाले, "ताई, भावना समजून घ्या." मी समजून घेतल्या नाहीत. ज्या बाईनं तुमच्या तीन पिढ्यांना पाढे शिकवले, तिचा धर्म एकदा नीट विचारायला कुणाला सवड नसावी?

त्यांच्या बायकांची गाणी असतात. मेंदीची, बारशाची, खिरीच्या सणाची, सगळी मराठीत. एकीनं पुढची ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागची ओळ म्हणून उत्तर द्यायचं. एकटीनं ती म्हणताच येत नाहीत, आणि जिल्ह्यात त्यांच्या जातीची दुसरी बाई नव्हती. आई तेव्हा नवी सून होती, ओट्यावर तूर पाखडत बसलेली. सेगुलाबाई म्हणाल्या, "कौसल्या, ते सूप ठेव आणि माझ्यामागं म्हण."

"तुमच्या देवाले चालते काय, बाई, आमचं तोंड?"

"देवाचं मी बघते. तू सूर बघ."

तेव्हापासून आई उत्तर देत राहिली. समुद्र कधी न पाहिलेली माझी आई त्यांच्या पूर्वजांना वाट द्यायला समुद्र दुभंगल्याचं गाणं म्हणायची, आणि पाणी बाजूला होतं त्या ओळीला पदर सावरून बसायची. माझ्या हळदीला दोघींनी मिळून मेंदीचं गाणं म्हटलं. कामरगावहून आलेल्या माझ्या सासूबाई कान देऊन ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कोणत्या गावचं होय वं? आमच्याकडे नाही असं."

पुढची ओळ मात्र सेगुलाबाईंनी आईला दिली नाही. त्यांच्या घरची रीत अशी की पुढची ओळ लेकीला द्यायची, नाहीतर सुनेला. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या भाच्याच्या बायकोची वाट बघत राहिल्या. भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा महिनाभर ओट्यावर दोघींचा सराव चालला होता. दोघी पुण्याला गेल्या, नव्या साड्या नेसून हॉलमध्ये भिंतीशी बसल्या. मेंदीच्या वेळी भाचा आला. "आत्या, पाच मिनिटं हं." दोन कडवी झाली नाहीत तोच डीजेवाल्यानं आवाज वाढवला. नवरीनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

मला सेगुलाबाईंचाही राग येतो. एवढं पाहिल्यावर तरी ती ओळ आईला द्यायची... रीत कुणासाठी सांभाळत होत्या त्या?

त्या गेल्यावर आईनं माझ्याकडून भाच्याला फोन लावून घेतला. तिला एवढंच हवं होतं की त्यांच्यातल्या एखाद्या म्हातारीनं पुढच्या ओळी फोनवर म्हणाव्यात. तो नम्र होता, त्याचाच जास्त संताप आला. म्हणाला, "ताई, ती बायकांची जुनी गाणी. आमच्या प्रार्थना वेगळ्या असतात. आणि खरं सांगू का, आता ती कुणालाच येत नाहीत."

"माझ्या आईला येतात," मी म्हटलं. "अर्धी."

तो विचारून बघतो म्हणाला. संध्याकाळी त्यानं मोबाइलवर एक गाणं पाठवलं. हिब्रू, मागे व्हायोलिन, फार सुरेख. आईनं ते शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं हाय," ती म्हणाली, "पण यात मले जागाच नाही ठेवली." नंतर भाच्याचा फोन आला तो घर विकायचं आहे, गिऱ्हाईक असेल तर सांगा, एवढ्यासाठी.

शुक्रवारी दिवस कलताना सेगुलाबाई मलिदा करायच्या. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळांच्या फोडी. आता आई करते. ताट ओट्यावर मधोमध ठेवते, त्यांची बाजू मोकळी सोडून बसते आणि गाणं सुरू करते. म्हणजे आधी गप्प राहते. पुढच्या ओळीला लागतो तेवढा वेळ थांबते, मग मागची ओळ म्हणते. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, आई, इतकी वर्षं ऐकलीस, तुला पाठ असणार. तूच म्हण ना पुढचीही.

"पाठ हाय मले," आई म्हणाली. "पण तिनं देल्ली नाही. मी कायले घेऊ?"

आणि ती पुन्हा थांबली. रस्त्यावरून एक मोटरसायकल हॉर्न वाजवत आली, तर आईनं न बघताच हात वर केला, कुणाचं बोलणं मध्येच तोडू नये म्हणून करतात तसा. कुलपाकडे पाहत तिनं सेगुलाबाईंची ओळ पुरती होऊ दिली... मग उत्तर दिलं.