मागून हाक नको

मी निपाणीचा. आठवीनंतर शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो आणि एका खेपेला मनालीला उतरलो तो तिथंच राहिलो. एका हॉटेलात भांडी घासत होतो. तिथनं एका गाईडनं मला उचललं आणि ट्रेकिंगवाल्यांच्या स्वयंपाकाच्या तंबूत आणलं. त्या माणसाचे उपकार कसे फेडायचे मला कळत नव्हतं, म्हणून मी नुसता घाबरून राहायचो. पोळी करपली की वाटायचं, आज काढून टाकणार. डाळ खारट झाली की वाटायचं, आज तर नक्कीच. डाळ चांगली झाली तरी वाटायचं, आता ह्यांना रोज अशीच लागणार.

अशात एक ग्रुप आला. तंबूत ताटं वाढली, आणि पांढऱ्या मिश्यांचे एक आजोबा पहिला घास खाऊन बाजूच्या बाईंना म्हणाले, "ह्यात तिखट घातलंय, का नुसतं लांबनं दावलंय गं?"

माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. एवढ्या लांब, बर्फाच्या डोंगराखाली, आमच्याकडची बोली!

"घालतो की आप्पा," मी म्हटलं.

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मग ते म्हणाले, "कुठला रं तू?"

"निपाणी."

"आरं तिच्या! आम्ही बेळगावचं!"

मग जेवण राहिलं बाजूला. आप्पा एसटीचे रिटायर ड्रायव्हर, निपाणीच्या स्टँडवर किती चहा प्यायले ते सांगायला लागले. त्यांच्या शेजारच्या बाई, सगळा ग्रुप त्यांना आक्का म्हणायचा, बेळगावातल्याच वडगावच्या रिटायर नर्स. त्यांनी माझं तोंड निरखून विचारलं, "निपाणीत कुठं? आमची नणंद हाय तिकडं." मी गल्ली सांगितली. नणंदेची गल्ली दुसरीच निघाली, तरी त्यांनी मला भाचा करून टाकलं. बाकीचे त्यांचे सकाळी फिरायला जाणारे सोबती होते. सगळ्यांच्या टोप्या एकाच दुकानातल्या, नारिंगी.

गाईड खूश झाला. मला बाहेर घेऊन म्हणाला, "ये तेरे आदमी हैं. ह्यांना खिंडीपर्यंत नीट पोचवलं तर तू माझ्याकडं कायमचा. नाहीतर परत हॉटेलात." तो हसत म्हणाला, पण मला हसणं ऐकूच आलं नाही. हॉटेल तेवढं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप निघाला. गाईड सगळ्यांच्या मागं. दहा पावलं गेली असतील, त्यानं मागून हाक मारली, "आंटीजी! आपकी स्टिक!"

झालं. सगळी रांग थांबली. आप्पांनी जीभ चावली. सगळे मुकाट्यानं तंबूपाशी परत आले, दगडांवर बसले, बाटल्या काढून पाणी प्यायले, आणि पुन्हा उठून चालायला लागले. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्याकडं चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारली की असंच करतात. मीसुद्धा तेच केलं असतं.

थोड्या वेळानं गाईड पुन्हा ओरडला, "अंकलजी! बॅग की चेन खुली है!"

सगळे पुन्हा बसले. पुन्हा पाणी.

गाईडचा चेहरा उतरला. डोंगरात माणूस अचानक बसायला लागला, उलट दिशेनं चालायला लागला, विचारल्यावर चिडायला लागला, तर उंचीची हवा बाधली असं समजायचं, हे त्याच्या शिक्षणात होतं. इथं तर अख्खा ग्रुपच बाधला होता. त्यानं पळत जाऊन ऑक्सिजन बघायचा चिमटा आप्पांच्या बोटाला लावला.

"सर, चक्कर आ रहा है?"

"चक्कर कसली? पीछे से कोन बुलाया? तुम बुलाया!"

शेवटी मला बोलावणं आलं. मी समजावून सांगितलं. गाईडनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "वरून दगड आला तरी मी मागूनच ओरडणार. तेव्हा पण बसणार काय? विचार त्यांना."

मी विचारलं. आप्पांनी खरोखर विचार केला. म्हणाले, "दगड असला तर आदी बाजूला व्हायचं. मग बसायचं."

हे मी गाईडला जसंच्या तसं सांगितलं नाही.

असं करत ग्रुप खिंडीखालच्या मुक्कामाला पोचला, पण दरवेळी उशिरा. गाईड मला म्हणाला, "उद्या खिंड. दुपारनंतर वर वारा सुटतो. उद्या हे लोक वाटेत एकदा जरी बसले, तर मी सगळ्यांना खाली आणणार. आणि तू..." पुढचं मला पाठ होतं.

संध्याकाळी आक्कांनी माझ्याकडं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. बेळगावपासून आणलेला नारळ. "शेगडीजवळ ठेव रं. आतलं पाणी गोठलं तर वर काय बर्फाचं तीर्थ द्यायचं?" आप्पांनी नोकरीभर घाटाच्या तोंडाला नारळ फोडल्याशिवाय गाडी पुढं घातली नव्हती. ते म्हणाले, "नारळ फोडल्याबिगर मी खिंड वलांडत न्हाय." आणि आप्पा जे करणार नाहीत ते त्या टोप्यांमधलं कुणीच करणार नव्हतं.

सकाळी ग्रुप निघून गेला. गाईड ह्या वेळेला शहाणा होऊन पुढं. मी मोकळेपणानं पातेली घासायला बसलो आणि शेगडीमागं बघितलं, तर टॉवेल. टॉवेलात नारळ.

बाहेर पळालो. नारिंगी टोप्या चढावर वळणं घेत चालल्या होत्या, हाकेच्या अंतरावर. मी तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं. हाक मारली तर बसणार, बसले तर खाली येणार. नाही मारली तर वर जाऊन नारळ नाही म्हणून खाली येणार. दोन्हीकडनं माझं हॉटेल!

एकच वाट होती. त्यांच्या पुढं जायचं.

वाट वळणावळणाची, मी सरळ दगडांतनं वर घुसलो. अंगात एप्रन, पायात गमबूट, काखेत नारळ. पाय सरकला, नारळ सुटला, गडगडत खाली गेला. त्याच्यामागं मी. परत वर. परत सुटला. शेवटी स्वेटरच्या आत पोटावर घातला आणि हातापायांवर चढलो. छाती भात्यासारखी चाललेली.

गाईडनं मान वर केली, तर वरच्या वळणावर एप्रन घातलेला, पोट आलेला माणूस उभा. तो धावत आला. मला बोलता येईना. त्यानं आधी माझ्या बोटाला चिमटा लावला.

"आगं बया!" आक्का मागनं म्हणाल्या. "ह्यो तर तंबूत हुता न्हवं?"

मी स्वेटरमधून नारळ काढला. आप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"आरं लेकरा, हाक मारायची न्हाईस? एवढा पळालास."

"आप्पा, हाक मारली... असती... तर बसला असतासा की."

आप्पांनी मान डोलावली. "व्हय की," म्हणाले. "बसलो असतो."

गाईडनं मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी दम खात सांगितलं. तो ऐकता ऐकता हसायला लागला, आणि हसता हसता तिथंच वाटेवर खाली बसला.

आप्पा घाबरले. "आता ह्याला कुणी हाक मारली?"

आक्कांनी लगेच त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि उठला. कुणी बसलं तर खाली, हा नियम त्याचा स्वतःचाच होता, पण त्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. मला म्हणाला, "तू अब साथ में चल. आगे."

वारा सुटायच्या आत आम्ही खिंडीत होतो. आप्पांनी टोपी काढली, दगडावर नारळ फोडला. पाणी गोठलं नव्हतं. आक्कांनी बाटलीच्या टोपणातून सगळ्यांना थोडं थोडं दिलं. कचरा टाकायचा नाही म्हणून गाईडनं करवंट्या स्वतःच्या बॅगेत भरल्या. मग खोबरं चघळत माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"पुढचा ग्रुप गुजरातचा आहे," म्हणाला. "मिर्ची कम."

माझं हॉटेल टळलं, ते मला असं कळलं. मी घाईघाईनं म्हटलं, "कम घालतो. लई कम घालतो." मराठीतच म्हटलं. त्याला कळलं असावं, कारण त्यानं माझ्या हातावर आणखी एक खोबऱ्याचा तुकडा ठेवला.