शिंपल्यांच्या बाई

आमच्या जीवशास्त्राच्या बाईंच्या पदराला कायम नदीच्या गाळाचा वास यायचा. नांदेडची आमची शाळा गोदावरीच्या घाटाला लागून होती. मागच्या पायऱ्यांशी बाईंनी जाळीच्या टोपल्या सोडून त्यांत शिंपले वाढवले होते. दर शनिवारी आम्ही मुली ते वर काढायचो, पट्टीनं मोजायचो, शेवाळ पुसून परत सोडायचो.

"येवढ्याशानं नदी साफ होती का, बाई?" माझ्या मैत्रिणीनं, शबानानं, एकदा विचारलं.

"सगळी न्हाई होत. पण त्यो गप बसत न्हाई बघ. दिवसभर पाणी गाळून राहिलाय." वर्गात बाई शुद्ध बोलायच्या, पाण्याशी आल्या की माहेरची, किल्लारीकडची बोली तोंडात यायची.

भूकंप झाला तेव्हा त्यांची लहानगी चिमी गणपतीसाठी आजोळी गेली होती. ती, आजी, घर, काहीच उरलं नाही. बाई शाळेत परतल्या त्या दिवशी त्यांच्याकडे बघायचंही आमचं धाडस होईना. त्यांनी हजेरी घेतली, पेशी शिकवली, टोपल्या ओढल्या. कुणी विषय काढलाच तर म्हणायच्या, "चला, कामाला लागा." त्यांच्या डोळ्यांत पाणी आम्ही पाहिलं नाही.

पुढे शनिवारची गर्दी ओसरली. "शिंपल्यावर मार्क मिळतात का?" असं पालक विचारू लागले. मुली क्लासला जाऊ लागल्या, काही थेट लातूरला. बाईंनी कुणाला अडवलं नाही. "जा माय, डॉक्टर हो," म्हणून पाठीवरून हात फिरवायच्या. शेवटी शबाना आणि मी उरलो.

त्या उन्हाळ्यात नदी आटली आणि नाल्याचं काळं पाणी घाटाशी तुंबलं. सकाळी टोपल्या ओढल्या तर सगळे शिंपले तोंड वासून पडलेले. बाई पायरीवर बसल्या. एकेक शिंपला बोटांनी मिटवू लागल्या. सोडला की तो पुन्हा उघडायचा. एक अगदी लहान त्यांनी मुठीत घट्ट धरला.

"चिमे, मी धाडायलाच नको होतं गं तुला."

मग त्या मोठ्यानं रडल्या. शबानानं त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. शाळेची घंटा झाली, तरी आम्ही तिघी उठलो नाही.

जूनमध्ये बाईंनी बदली मागून घेतली, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावात. आम्ही स्टँडवर पोचवायला गेलो.

"तिथं नदी हाय का, बाई?" शबानानं विचारलं.

"लांब हाय."

"मग तिथं काय करणार?"

"शाळा हाय की. लई पोरं हायत म्हणे, आई-बाप नसलेली."

एसटी सुटली. त्यानंतर बाई मला कधी भेटल्या नाहीत.