अक्कांची ओटी

देवीनं माझं ऐकलं, असं म्हणायला अजून माझी जीभ रेटत नाही. तळपायावर काळा डाग उठला, तेव्हा नवी चप्पल चावली असेल म्हणून मी चार महिने खोबरेल लावत बसले. शहाणपणच माझं तसलं! तो त्वचेचा कर्करोग निघाला, आणि तोवर फुप्फुसात गाठी झाल्या होत्या.

कोल्हापुरातल्या रुग्णालयात दर तीन आठवड्यांनी मला इम्युनोथेरपीचं सलाईन लागायचं. शेजारच्या खाटेवर मुरगूडच्या अक्का असायच्या. त्यांचाही तोच आजार, तोही तळपायावरच, आणि औषधही तेच. सलाईन संपेपर्यंत आम्ही दोघी अंबाबाईचं नाव घेत पडून राहायचो. पुढच्या तपासणीत माझ्या गाठी जवळजवळ विरलेल्या दिसल्या. अक्कांच्या वाढल्या होत्या. मी घाईघाईनं रिपोर्ट पिशवीत कोंबला.

“लपवतीस कशाला? दाव की,” अक्का म्हणाल्या. कळल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. “पावली बघ आई! तिच्याम्होरं रोज तुजं बी नाव घेतलंय मी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत मी त्यांच्यासाठी एकदाही काही मागितलं नव्हतं.

असं का, म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे औषध शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीला मोकळं करतं. काहींच्यात ती गाठीपर्यंत पोचते, काहींच्यात पोचत नाही, कधी गाठच तिला चकवते. तुमच्या दोघींत फरक नेमका कशानं पडला, हे मलाही सांगता येणार नाही. मग मी देवीवरच चिडले. जी दुसऱ्यासाठी मागते, तिच्याच वाट्याला हे?

अक्कांना चालवत नव्हतं, म्हणून शुक्रवारी त्यांची ओटी घेऊन मीच देवळात गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते. गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि ‘अक्का, अक्का’ एवढंच तोंडून निघालं. मागणंसुद्धा सुचेना. मागची बाई “चला की फुडं” म्हणेपर्यंत मी तशीच रडत होते.

त्या रडण्यानं माझा राग कुठं गेला, कळलं नाही. कोडं मात्र तसंच आहे. ते सोडवणं माझं काम नव्हे, एवढं मी आता मान्य केलंय. शेजारच्या खाटेवर असं माणूस दिलं, याबद्दल आईचे उपकार मानते.

अक्कांना आता दुसरं औषध सुरू झालंय. गुण येईल का, ठाऊक नाही. त्यांचा सलाईनचा दिवस वेगळा असतो. त्या दिवशी मी जाते आणि त्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसते.